साथीच्या काळात कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा कशी घ्यावी

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. मुलग्यांच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची जबाबदारी माझ्यावर आली की काही जण अजूनही विचारतात, ‘सर कुठे आहेत?’ असो. कोविडच्या वर्षांत स्पर्धा घेण्याबद्दल जे शिकले ते नव्याने नोकरीत आलेल्या सहकाऱ्यांसाठी लिहिते आहे. पुन्हा साथ आलीच, तर तेव्हा मीटिंगा घेत बसायला वेळ नसतो.

आधी धोका कुठे आहे ते ओळखा. प्राचार्यांना वाटतं तो मैदानावर, कारण तिथे मुलगे एकमेकांच्या अंगावर जातात. पण मैदान उघडं असतं आणि समोरच्याशी झटापट होते ती काही सेकंदांची. विषाणूला आवडतात त्या बंद जागा: कपडे बदलायची खोली, खिडक्या लावून गाणी म्हणत येणारी बस, सामना संपल्यावरचं कँटीन. तेव्हा मेहनत तिथे करा. चेंडू दर पाच मिनिटांनी पुसत बसलात तर फोटो छान येतील, एवढंच.

दुसरं म्हणजे, ‘बायो-बबल’ (खेळाडूंना बाहेरच्या जगापासून तोडून एका ठिकाणी ठेवणं) हा शब्द आपल्या मीटिंगमधून काढून टाका. २०२०-२१ची आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातल्या व्यावसायिक संघांची फुटबॉल स्पर्धा) पूर्णच्या पूर्ण गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, अशी तीनच मैदानं, प्रेक्षक नाहीत, खेळाडू महिनोन्महिने हॉटेलांत. २० नोव्हेंबरला सुरू झालेली स्पर्धा १३ मार्चला फातोर्ड्याला मुंबई सिटीने जिंकली. आपली मुलं रात्री घरी जातात. घरात आजी असते, वडील मार्केटात किंवा फेरीबोटीवर कामाला असतात. त्यांना कुंपणात कोंडायला आपल्याकडे पैसे नाहीत आणि तसा हक्कही नाही.

त्यापेक्षा अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलकडे बघा. तिथे एका गटात बांधलेल्या विद्यापीठांची स्वतःची स्पर्धा असते, तिला ते कॉन्फरन्सची स्पर्धा म्हणतात, आणि तिथून पुढे राष्ट्रीय स्पर्धा. २०२०च्या शरदातली राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी सरळ २०२१च्या वसंतात ढकलली, ४८ऐवजी ३६ संघ घेतले आणि सगळे सामने नॉर्थ कॅरोलायना या एकाच राज्यात लावले. अंतिम सामना १७ मे २०२१ रोजी केरी गावात झाला (आपलं सत्तरीतलं केरी नव्हे) आणि मार्शल विद्यापीठाने इंडियानाला जादा वेळेत १-० हरवलं. एसीसी या कॉन्फरन्सने मात्र आपली स्पर्धा नोव्हेंबर २०२०मध्येच उरकली होती. आपण यातून तीन गोष्टी उचलायच्या: संघ कमी, प्रवास कमी, आणि तारीख पुढे नेण्यात लाज नाही.

तारखा ठरवताना कॅलेंडर गोव्याचं धरा. चतुर्थीनंतर लगेच सामने ठेवू नका. मुंबई-पुण्याचे नातेवाईक येऊन गेलेले असतात, घरोघरी पंगती झालेल्या असतात, आणि त्याचा परिणाम कळायला आठ-दहा दिवस लागतात. जुन्या गोव्याच्या फेस्ताचे दिवसही टाळा.

आता ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची आखणी. आठ संघांचे दोन गट करून लीग, मग उपांत्य आणि अंतिम, असे पंधरा सामने होतात. त्याच आठ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा सातात संपते. लीगमध्ये मधेच एक संघ बाहेर पडला की गुणतक्ताच विस्कटतो, त्याच्याशी झालेले सामने धरायचे की नाही यावरून भांडणं होतात. बाद पद्धतीत फक्त समोरच्या संघाचा प्रश्न उरतो. साथीत बादच ठेवा. ‘पोरांना एकच सामना मिळतो’ ही तक्रार खरी आहे, त्यासाठी पहिल्या फेरीत हरलेल्यांचा एक मैत्रीपूर्ण सामना लावा. दोन सामन्यांत किमान एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. महिनोन्महिने घरी बसलेल्या पायांचे स्नायू फाटतात, म्हणून स्पर्धेआधी निदान चार आठवडे सराव झालेला नसेल तर संघ उतरवू नका.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे माघारीचा नियम. तो ड्रॉच्या आधी लिहा आणि प्रत्येक कॉलेजच्या शिक्षकाची सही घ्या. ड्रॉ झाल्यावर लिहिलात तर प्रत्येकाला त्यात आपला प्रतिस्पर्धी दिसायला लागतो.

हा नियम लिहिताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: ज्या मुलाला आज सकाळी ताप आहे, त्याला तो लपवण्यात फायदा आहे का? असेल तर तो लपवणार. त्याने लपवला नाही तर कॅप्टन लपवायला सांगणार. ‘कांय ना मॅडम, इल्लें थंडी जाल्या,’ हे वाक्य मी फार ऐकलंय. थर्मामीटर हातात घेऊन गेटवर उभं राहिल्याने ते थांबत नाही, कारण गोळी घेऊन आलेल्याचा ताप दिसतच नाही. ते थांबतं ते ताप सांगितल्याने संघाचं नुकसान होत नसेल तर.

म्हणून यादी मोठी ठेवा. संघात वीस खेळाडू असतील तर पंचवीस-तीस नावांची नोंदणी करू द्या आणि आजारी मुलाच्या जागी त्याच यादीतला दुसरा घ्यायला अंतिम सामन्यापर्यंत परवानगी द्या. आजारी मुलाची जागा राखून ठेवा, बरा झाल्यावर तो परत येऊ शकतो हे लेखी द्या. मग संघ खेळू शकतो की नाही याचा आकडा ठरवा. खेळाचे नियम सात खेळाडूंवर सामना सुरू करू देतात, पण तो आकडा साथीसाठी नाही. जानेवारी २०२२मध्ये आयएसएलच्या संघांतच कोविड शिरला, सामने पुढे ढकलावे लागले, तेव्हा तिथे पंधरा खेळाडूंचा निकष होता. कॉलेजसाठी मी तेरा म्हणेन, त्यात एक गोलकीपर हवाच. तेरा नसतील तर सामना राखीव दिवशी. राखीव दिवशीही जमलं नाही तर समोरचा संघ पुढे जातो, पण माघार घेणाऱ्यावर दंड नाही, पुढच्या वर्षीची बंदी नाही आणि निकालपत्रात ‘गैरहजर’ हा शब्द नाही. या शेवटच्या शब्दावर एका सहकाऱ्याशी माझा बराच वाद झाला. त्यांच्या मते शिस्त बिघडते. माझ्या मते, प्रामाणिक संघाला गैरहजर म्हटलं की पुढच्या वेळी तो तापासकट हजर राहतो.

चाचणीचं थोडक्यात. जलद अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे परवाना मिळाला असं नाही, सुरुवातीच्या दिवसांत ती चुकते. आरटी-पीसीआर भरवशाची, पण अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नमुना देऊन उपयोग नाही. लक्षणं असलेला मुलगा चाचणी काहीही म्हणो, घरीच. आणि अहवाल एकाच माणसाकडे जाऊ दे. पॉझिटिव्ह मुलाचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्या शिक्षकाला मी समितीत ठेवणार नाही.

सामन्याच्या दिवशी मुलं घरूनच किट घालून येऊ देत. वर शर्ट-पँट, आत जर्सी. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप, फक्त शौचालय उघडं. कोचचं बोलणं आंब्याखाली, खोलीत नाही. कदंबची बस आरक्षित केलीत तर काचा सगळ्या उघड्या आणि तोंडावर मास्क. फोंड्याहून म्हापशाच्या धुळेर मैदानापर्यंतचा प्रवास नव्वद मिनिटांच्या सामन्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, हे मुलांना समजावून सांगा. पाण्याच्या बाटलीवर मार्करने नाव. बदली खेळाडूंच्या खुर्च्या लांब लांब. हस्तांदोलन नाही, कोपरही नाही, नमस्कार पुरे.

पाच बदल द्या. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएब या संस्थेने मे २०२०मध्ये साथीमुळेच ही सवलत आणली: पाच खेळाडू बदलता येतात, पण खेळ थांबवून तीनदाच, मध्यंतर वेगळं. तिसरी संधी वाया घालवणारे कोच दर सामन्यात दिसतात, म्हणून चौथ्या रेफरीने वहीत खुणा करत राहावं. दुपारी साडेतीनच्या आधी सामना नको, आणि दोन्ही अर्धांत पाणी प्यायला एकेक थांबा.

खाणं पाकिटात द्या. भाजीपाव आणि केळं, बसमध्ये चढायच्या आधी मैदानावरच विखरून बसून खायचं.

प्रेक्षकांना बंदी लिहिणं सोपं, गोव्यात पाळणं अवघड. गेट बंद केलं की अख्खा वाडा, म्हणजे आजूबाजूची वस्ती, भिंतीवर चढतो. पोलिसांना बोलावण्यापेक्षा वाड्यातल्या क्लबच्या मोठ्या माणसांना आधी भेटा, तिपाईवर एक मोबाईल लावून सामना थेट दाखवा आणि लिंक त्यांना पाठवा. भिंत निम्मी तरी रिकामी होते.

कोविड होऊन गेलेला मुलगा परत कधी खेळवायचा हे मात्र कोचवर सोडू नका. लक्षणं पूर्ण गेल्यावरही थोडं थोडं वाढवत न्यायचं: आधी चालणं, मग हलकं धावणं, मग चेंडू, सगळ्यात शेवटी टॅकल. छातीत दुखणं, धडधड, नेहमीपेक्षा जास्त दम, यातलं काहीही दिसलं तर सराव तिथेच बंद आणि डॉक्टर. हृदयाच्या स्नायूला सूज असताना जोराचा व्यायाम जिवावर बेततो. डॉक्टरांची चिठ्ठी फाइलला लावल्याशिवाय नाव यादीत घेऊ नका, मग तो गोल करणारा एकुलता एक का असेना.

बक्षीस समारंभ मैदानातच, दहा मिनिटांत. पदकं टेबलावर मांडा, मुलं स्वतः उचलून गळ्यात घालतील. पाहुणे एकच, भाषण नाही (हा नियम साथ नसतानाही ठेवायला माझी हरकत नाही). त्या दिवशी मैदानात कोण कोण होतं याची फोन नंबरांसह यादी दोन आठवडे जपून ठेवा, म्हणजे कोणी आजारी पडलं तर त्याच दिवशी सगळ्यांना फोन जातील. मुदत संपली की ती यादी फाडून टाका.