संशोधनावरच संशोधन करायचंय, तर पैसा कुठून आणायचा? सांगलीच्या एका ग्रंथपालाचा अनुभव

ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर आत गेलो, तर खालच्या फळ्यांवरची मराठी नियतकालिकं फुगून एकमेकांना चिकटली होती. शिपाईमामा, दोन विद्यार्थिनी आणि मी असं मिळून वरच्या वर्गात बाकांवर अंक पसरले, पंखे लावले, पानापानांत टिपकागद घातले. अंक वाचेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येकाची अनुक्रमणिका आधी मोबाईलवर टिपून घेतली. तीन आठवडे हेच चाललं होतं. पुढे त्या फोटोंवरून एक्सेलमध्ये नोंदी केल्या: लेखक, महाविद्यालय, विषय, वर्ष.

नोंदी करता करता एक गोष्ट डोळ्यांत भरली. आमच्याच भागातले काही प्राध्यापक वर्षानुवर्षं या अंकांत लिहीत होते, आणि एका टप्प्यानंतर त्यांची नावं गळाली. तीच नावं मला दुसरीकडे भेटत होती, स्थाननिश्चितीच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायलींमध्ये. तिथे त्यांच्या नावापुढे 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ' अशा मथळ्यांची यादी असायची. माणसं तीच, विषय बरेचदा तेच, फक्त लिहिण्याची जागा बदललेली. असं का झालं, हे मला शोधायचं होतं. तो सगळा काळ माझ्या काउंटरवर रोज एकच प्रश्न यायचा, "मॅडम, हे जर्नल चालतं का बघा की."

चालतं म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यूजीसीच्या, यादीत आहे का. 2017 मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 जर्नलं काढून टाकली. त्याच वर्षी पुण्यातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेली आणि कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेली जी जर्नलं त्यांनी तपासली, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत. मग आयोगाची केअर लिस्ट ही नवी यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आठ वर्षांत मोजपट्टी तीनदा हलली. प्रत्येक वेळी हलणाऱ्या मोजपट्टीखाली माणसं काय करतात, हा अभ्यासाचा विषय आहे, आणि पुण्याचा तो लेख त्याचा घरचा नमुना आहे. नवख्यांनी आधी तो वाचावा.

संशोधन कसं चालतं याचाच अभ्यास करणाऱ्या या विषयाला मेटारिसर्च, मेटासायन्स अशी नावं आहेत. प्रसिद्ध झालेले बहुतेक निष्कर्ष चुकीचे असतात असं मांडणारा जॉन योआनिडिस यांचा 2005 चा लेख, मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहणारा 2015 चा प्रकल्प (मूळ अभ्यासांतले 97 टक्के सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होते, पुन्हा केल्यावर उरले 36 टक्के), 2013 चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि 2015 चा लायडेन जाहीरनामा, एवढं प्रस्तावाच्या पार्श्वभूमीला पुरतं. दोन्ही जाहीरनामे मूल्यमापनाबद्दल आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, जर्नलचा असतो, त्यावरून माणसाचं काम मोजू नका, हा पहिल्याचा गाभा. दुसऱ्यात दहा तत्त्वं आहेत आणि त्यांतलं एक आपल्या फार कामाचं आहे: स्थानिक महत्त्वाच्या आणि स्थानिक भाषेतल्या संशोधनाला संरक्षण द्या. मराठीत लिहिणाऱ्यांवर अभ्यास करायचा असेल, तर हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवं.

आता पैशाचं. आपल्याकडे या नावाचा निधी जवळजवळ कुठेच नाही, हे आधीच मनाशी धरा. 'मेटारिसर्च' असा कप्पा शोधत बसाल तर वर्ष जाईल. आपल्या प्रश्नाचं घर कुठल्या जुन्या विषयात आहे ते ओळखायचं आणि त्या दाराने आत जायचं. प्राध्यापक का, कुठे, कुणाच्या दबावाने लिहितात, हे समाजशास्त्रात बसतं, शिक्षणशास्त्रात बसतं. ही दोन्ही दारं आयसीएसएसआरची, म्हणजे 1969 पासून सामाजिक शास्त्रांना निधी देणाऱ्या परिषदेची. तिच्या मेजर आणि मायनर प्रकल्पांच्या जाहिराती येत असतात. प्रश्न विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मनुष्यबळाचा, खर्चाचा, प्रयोगशाळांचा असेल, तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा एनएसटीएमआयएस नावाचा उपक्रम अशा अभ्यासांना पैसे देतो. त्याच विभागाची धोरण संशोधन केंद्रं आहेत, विज्ञान धोरणाची फेलोशिपही आहे. दिल्लीची सीएसआयआर-निस्पर ही संस्था 2021 मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून उभी राहिली. तिचं कामच विज्ञानसंवाद आणि धोरण संशोधनाचं आहे. निधीसाठी नाही, तरी मार्गदर्शक आणि सहकारी शोधायला तिकडे बघा. विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या सर्ब या मंडळाचं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं आहे, त्यासाठीचा कायदा 2023 चा. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, पण पहिला प्रस्ताव तिकडे टाकू नका.

पीएचडी करणाऱ्यांसाठी वाट आणखी सरळ आहे. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ फेलोशिप असेल तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, पुढच्या टप्प्यातल्या एसआरएफला 42,000. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. तुम्ही कुठल्या विषयात नोंदणी केली आणि विद्यापीठाच्या आरआरसीने, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीने, शीर्षक मंजूर केलं का, हे महत्त्वाचं. म्हणजे समाजशास्त्रात किंवा ग्रंथालयशास्त्रात नोंदणी करून तुम्ही संशोधनव्यवहारावर पूर्ण वेळ काम करू शकता. आमच्या भागातली हुशार मुलं 'असा विषय देतात का' म्हणून मागे फिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. देतात. मार्गदर्शकाला पटवायची तयारी हवी.

माझी सुरुवात महाविद्यालयाच्या बीजनिधीने झाली. नॅक ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी परिषद. तिच्या तिसऱ्या निकषात विद्यापीठांना आणि स्वायत्त महाविद्यालयांना, शिक्षकांना बीजनिधी देता का, हे विचारत, त्यामुळे बऱ्याच महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात ते शीर्ष असतं आणि पुष्कळदा ते मागायला कुणी येत नाही. आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना जाऊन विचारा. मला 20,000 रुपये मिळाले. त्यातून एका विद्यार्थिनीला नोंदींचं मानधन दिलं आणि मिरज, तासगाव, इस्लामपूर, विटा असे एसटीने फिरून प्राध्यापकांशी बोलले. या छोट्या कामाचं अहवालवजा टिपण पुढच्या मोठ्या अर्जाला जोडता आलं. नवख्या माणसाच्या हातात असं 30 पानी काम असणं फार मोठी गोष्ट आहे.

तरी पहिला मोठा प्रस्ताव नाकारला गेला. निधी देणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही. परीक्षकाचा एक शेरा होता: हे संशोधन आहे की चौकशी? मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग प्रस्ताव परत वाचला, आणि शेरा बरोबर होता. माझं शीर्षक होतं 'महाविद्यालयीन शिक्षकांची बोगस जर्नलांतील प्रकाशने'. आरोपपत्रच ते. ज्यांच्याकडून खरी माहिती हवी, त्यांना दारातच गुन्हेगार ठरवल्यावर कोण बोलणार? आणि कुणी बोललंच नाही, तर परीक्षकाने पैसे कशाला द्यायचे?

मी समाजशास्त्राच्या सरांना सोबत घेतलं. ते प्रकल्प संचालक, मी सहसंचालक. सर म्हणाले, "ताई, जर्नल बाजूला ठेवा. माणूस निर्णय कसा घेतो ते विचारा." नवं शीर्षक झालं, बदलत्या मूल्यमापन निकषांत ग्रामीण महाविद्यालयांतले शिक्षक प्रकाशनाचा निर्णय कसा घेतात. माहिती तीच गोळा करायची होती, पण प्रस्तावाचा सूर बदलला. आणखी एक पान जोडलं, या विषयाच्या प्रस्तावात मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: शिक्षक आम्हाला खरं का सांगतील? मुलाखत महाविद्यालयाच्या बाहेर घेऊ, ध्वनिमुद्रण ऐच्छिक, मुलाखतीच्या नोंदीत नाव आणि गाव लिहायचं नाही, विषयही 'सामाजिक शास्त्र' एवढाच लिहायचा, कारण एका तालुक्यात भूगोलाचे प्राध्यापक किती असतात? विषय सांगितला की माणूस सांगितल्यासारखंच. निष्कर्षांचा मराठी सारांश प्रत्येकाला घरपोच पाठवू, असंही लिहिलं. दुसऱ्या वेळी आयसीएसएसआरकडे अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

अंदाजपत्रकावर थोडं थांबते, कारण इथे नवखे सर्रास चुकतात. आमच्या वेळी टक्केवारी ठरलेली होती: संशोधन सहायकांवर 45, क्षेत्रकार्यावर 35, साधनं आणि साहित्यावर 10, किरकोळ 5, अहवालाच्या प्रकाशनावर 5. तुमच्या वर्षीची जाहिरात वाचूनच आकडे मांडा. परीक्षक विचारतात की सगळा डेटा फुकट आहे, मग माणसं कशाला? खरंच आहे, ओपनअॅलेक्स ही जगभरच्या लेखांची सूची 2022 पासून मोफत आहे, मागे घेतलेल्या लेखांचा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस 2023 पासून क्रॉसरेफमार्फत खुला आहे, शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले लाखो प्रबंध आहेत. पण आपल्या मराठी नियतकालिकांतले कितीतरी लेख डीओआयविना, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकाविना, छापलेले असतात आणि डीओआय नसलेला लेख या यंत्रांना सहसा दिसत नाही. तो अंक हातात घेऊन, पान उलटून, माणसानेच नोंदवावा लागतो. पुरातल्या अनुक्रमणिकेचा एक फोटो आम्ही प्रस्तावाला परिशिष्ट म्हणून लावला: डाग पडलेलं पान, शेजारी त्याच्या नोंदी, आणि खाली एका अंकाला किती मिनिटं लागली तो हिशोब. सहायकाच्या मानधनावर कुणी प्रश्न काढला नाही.

मुलाखती सुरू होण्याआधी अभ्यासाचा आराखडा ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. ते मोफत आहे, तारीख पडते, आणि नंतर 'निष्कर्ष पाहून प्रश्न बदलला' असं कुणी म्हणू शकत नाही. दुसऱ्यांच्या संशोधनाच्या सवयी तपासणाऱ्याने एवढी शिस्त पाळलीच पाहिजे.

परदेशी निधीबद्दल मुलं हटकून विचारतात. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने 'सायन्स ऑफ सायन्स' या कार्यक्रमातून निधी दिला आहे, नेदरलँड्सने 2016 मध्ये खास पुनरावृत्ती अभ्यासांसाठी निधी काढला, ब्रिटनमध्ये सरकारी मेटासायन्स युनिट आहे. वाचायला सुरेख, त्यांचे मंजूर प्रस्ताव जरूर पाहा. पण परदेशातून पैसा घ्यायचा तर तुमच्या संस्थेकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसा जमा होणारं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच असावं लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयासाठी हा डोंगर आहे. त्यापेक्षा तिकडच्या एखाद्या गटात बिनपैशाचे सहकारी व्हा आणि मराठी डेटा तुम्ही सांभाळा. लेखावर नाव येतं, पद्धतही शिकता येते.

पैसे मंजूर झाल्यावरचं काम कुणी शिकवत नाही. आमचे हिशोबाचे भाऊसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, बिल आज आणा, कारण उद्या सांगा." तेच धोरण ठेवलं. प्रकल्पाचं वेगळं खातं, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन हिशोब-प्रणालीत नोंदणी, प्रत्येक खरेदीचा ठराव, आणि शेवटी 12-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीने. ते वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. आमचा एकदा चार महिने अडकला, कारण एसटीची तिकिटं मी वहीत चिकटवली होती आणि त्यांवरची शाई उडून कोरे कागद राहिले होते. तिकीट हातात आलं की लगेच फोटो काढा. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वापरायचा तर आधी लेखी परवानगी, तोंडी होकारावर कधीही जाऊ नका.

मुलाखतींत काय निघालं ते अहवालात आहे, इथे एकच सांगते. एका सरांनी 20 मिनिटं जर्नलांबद्दल ठराविक उत्तरं दिली. चहा आला, मी वही मिटली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आईच्या आजारपणाच्या वर्षी स्थाननिश्चिती होती. पैसे भरले आणि आठ दिवसांत पेपर छापून आणला. तो पेपर मी पोरीलासुद्धा दाखवलेला नाही." मी विचारलं, हे लिहू का? त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "लिहा. पण मी ओळखू येता कामा नये."

प्रकाशनाच्या त्या 5 टक्क्यांतून मराठी सारांश छापला. पाकिटांवर पत्ते आम्ही हाताने लिहिले आणि विश्रामबागच्या पोस्टात नेऊन टाकले. पाचव्या दिवशी त्याच सरांचा फोन आला. त्यांच्या वाक्याचे तपशील मी बदलले होते, आजारपणही वेगळं केलं होतं, तरी त्यांनी स्वतःला बरोबर ओळखलं होतं. मी घाबरून विचारलं, अजून कुणी ओळखलं का? "नाही," ते म्हणाले. "आणखी दोन प्रती पाठवा. एक प्राचार्यांना द्यायची आहे, एक पोरीला."