वाहत्या वाऱ्यात एअरगनने उपद्रवी पक्ष्यांचा बंदोबस्त

धान्याच्या कोठारावर उतरणारे पारवे एअरगनने आवरायचे असतील, तर वारा हा सर्वांत मोठा अडथळा ठरतो, आणि बहुतेक जण तो चुकीच्या मार्गाने दूर करू पाहतात. वारा डावीकडून आला की नेम थोडा डावीकडे सरकवायचा, हा उपाय कागदी लक्ष्यावर ठीक आहे. जिवंत पक्ष्यावर तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेम बदलण्याआधी बसण्याची जागा बदलावी. अर्थात, त्याही आधी आपल्या भागातील कायद्यानुसार कोणता पक्षी मारण्यास परवानगी आहे आणि बंदुकीसाठी परवाना लागतो का, याची खात्री करून घ्यावी. पक्षी नक्की ओळखता आला नाही, तर गोळी झाडू नये.

साधारण ०.५५ ग्रॅम वजनाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने सुटतो. ताशी १६ किलोमीटरचा वारा आडवा वाहत असेल, तर हा छर्रा १५ मीटरवर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सरकतो आणि ३० मीटरवर पाच सेंटिमीटरहून थोडा अधिक; म्हणजे अंतर दुप्पट झाले की सरकणे जवळजवळ चौपट होते. पारव्याच्या डोक्याचा मर्मभाग जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे १५ मीटरवर वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी पक्षी जागीच मरतो, पण तीच चूक ३० मीटरवर झाली, तर पंख मोडलेला पक्षी कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडत राहतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी अंतर निम्मे करावे. त्याच शक्तीच्या बंदुकीत केवळ जड छर्रा घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण जड छर्रा हळू जातो. मात्र चपट्या तोंडाच्या छर्ऱ्यापेक्षा गोल टोकाचा छर्रा कमी भरकटतो, तो घ्यावा.

आता जागेविषयी. वाऱ्यात बसलेला पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून बसतो आणि उतरतानाही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येतो, कारण तसे केले नाही तर त्याची पिसे उलटी फिरतात. आपण वारा थेट आपल्या तोंडावर येईल असे बसलो, तर छर्रा आडवा सरकत नाही, पक्ष्याची पाठ आपल्याकडे राहते आणि आपली चाहूलही वाऱ्याबरोबर मागे जाते. पारव्याला बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते, तेव्हा हालचाल तरीही बेताचीच असावी. पूर्ण समोरचा वारा साधता आला नाही, तर निदान कोन कमी करावा: वारा नेमाच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर छर्रा पूर्ण आडव्या वाऱ्याच्या तुलनेत निम्माच सरकतो.

हा कोन पाहण्यासाठी नळीच्या टोकाला वीतभर लोकरीचा धागा बांधावा. तो धागा नळीला समांतर लोळत असेल तर ठीक. तो एका बाजूला ताठ उभा राहिला, तर ट्रिगरवरून बोट काढून घ्यावे. दूरच्या झाडापेक्षा नळीजवळच्या वाऱ्याला अधिक महत्त्व द्यावे, कारण सुरुवातीलाच दिशा बिघडलेला छर्रा पुढच्या सगळ्या अंतरात अधिकाधिक दूर जात राहतो. इमारतीचा कोपरा मात्र फसवा असतो. तिथे वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि धागा क्षणाक्षणाला दिशा बदलतो. अशा कोपऱ्यात बसू नये.

पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे असे समजावे. त्यात दोन झोतांमधल्या शांत क्षणाची वाट पाहून, बसून, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून काम करता येते. धूळ उडू लागली आणि लहान फांद्या हलू लागल्या की वारा २० च्या पुढे गेलेला असतो. तेव्हा उघड्यावरचे काम थांबवून कोठाराच्या आत वळावे, मात्र पत्र्यावर किंवा दगडावर आपटून छर्रा उलटा येतो हे लक्षात ठेवून डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा. झुलत्या फांदीवरच्या पक्ष्यावर, तसेच छपराच्या कडेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या पक्ष्यावर कधीही नेम धरू नये. चुकलेला छर्रा अडवायला मागे मातीचा बांध हवाच.

पिल्ले असण्याच्या काळात जुन्या पक्ष्यांना मारल्यास घरट्यातली पिल्ले उपाशी मरतात, म्हणून त्या आधीच सांडलेले धान्य झाकून आणि वळचणीला जाळी लावून घ्यावी. मेलेले पक्षी त्याच दिवशी शोधून पुरावेत. शिशाचा छर्रा पोटात असलेला पक्षी घारीने खाल्ला तर तिला विषबाधा होते, आणि गुरांच्या वैरणीत पडलेला छर्राही घातक ठरू शकतो.