पर्वती साडेचार वेळा : फ्लॉरेन्सच्या घुमटाची तयारी

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पुण्याच्या माणसाला हा आकडा सांगायची सोपी पद्धत म्हणजे पर्वतीच्या 103 पायऱ्या साडेचार वेळा. आईला घेऊन जायचं ठरलं तेव्हा आम्ही हाच हिशोब धरला. ती 62 वर्षांची, गुडघे बरे पण तक्रार करणारे. तिकीट काढण्याच्या दोन महिने आधीपासून सकाळी पर्वती सुरू केली: पहिले काही दिवस एकदा, मग उतरून पुन्हा. शेवटच्या आठवड्यात ती न थांबता दोनदा चढत होती. तेव्हा कुठे मी घुमटाचं तिकीट काढलं.

नुसती पर्वती मात्र पुरत नाही. तिच्या पायऱ्या रुंद आहेत, वर आभाळ आहे, दमलं की बाजूला बसता येतं. घुमटाचा जिना दगडी भिंतींच्या आत आहे. काही ठिकाणी गोल गोल फिरतो, काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील इतका अरुंद होतो, आणि पायऱ्या शेकडो वर्षांच्या पायांनी मधोमध झिजलेल्या आहेत. म्हणून दुसरा सराव इमारतीच्या जिन्यावर करा, कठड्याला हात न लावता. उतरायचा सरावही तितकाच हवा, कारण गुडघे बोलतात ते उतरताना. हृदयाचा त्रास, चक्कर, बंद जागेची किंवा उंचीची भीती असेल, किंवा घरात कोणाला दिवस गेले असतील, तर त्या व्यक्तीने वर जाऊ नये. तिकडची सूचनाही तीच आहे. मागे रांग लागलेली असते, मध्येच उलटं फिरणं फार अवघड जातं. हा निर्णय घरीच, सगळ्यांनी बसून, मोकळेपणाने घ्या. कोणाला खाली थांबायचं असेल तर त्या वेळात त्यांनी काय बघायचं तेही आधी ठरवा, म्हणजे कोणाला एकटं पडल्यासारखं वाटत नाही.

आता तिकीट. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, रांग मात्र लांब असते, आणि रविवारी प्रार्थना असल्याने पर्यटकांना आत सोडत नाहीत. घुमट, मनोरा, बाप्तिस्मागृह, म्युझियम आणि जमिनीखालचे जुन्या चर्चचे अवशेष या सगळ्यांसाठी एकत्र पास मिळतो. घुमटासह असलेल्या पासाला घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीचं नाव दिलं आहे. तो तीन दिवस चालतो, पण घुमटाची तारीख आणि वेळ एकदाच निवडायची, नंतर बदलत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर जाणार असाल तर कित्येक आठवडे आधी बघा, सकाळच्या वेळा सगळ्यात आधी संपतात. तिकीट कॅथेड्रलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. आमच्या पहिल्या खेपेला मी एका मध्यस्थाकडून घेतलं, जवळजवळ दुप्पट पैसे दिले, आणि हातात आलेल्या कागदावर घुमटाची वेळच नव्हती. त्या वेळी मनोऱ्यावर समाधान मानावं लागलं. व्हिसा पासपोर्टावर उमटल्याशिवाय हे पैसे भरू नका, आणि नाव पासपोर्टावर आहे तसंच्या तसं टाका.

वेळ सकाळची पहिली मिळाली तर उत्तम. उन्हाळ्यात फ्लॉरेन्स तापतं, आणि दुपारपर्यंत भिंतींमधली हवा कोंदट झालेली असते. रोमहून त्याच सकाळच्या गाडीने येऊन लगेच घुमट, असा बेत करू नका. वेगवान गाडीला दीड तास लागतो आणि स्टेशनापासून चौक चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे हे खरं, पण गाडी अर्धा तास उशिरा आली तर तुमची वेळ गेली. आदल्या रात्री गावात मुक्काम करा.

कपड्यांचं सोपं आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. हे देऊळ चालतं आहे, तिथे रोज प्रार्थना होते, त्यामुळे हा नियम आपल्या लोकांना वेगळा सांगायला लागू नये. आईने सुती पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला घट्ट बांधून. साडी नेसून चढायचं असेल तर ती घोट्याच्या वर खोचलेली हवी, कारण अरुंद वळणावर काठ पायाखाली येतो. बूट पकड असलेले, आधी महिनाभर वापरलेले. मोठी पिशवी, पाठीवरची सॅक वर नेऊ देत नाहीत. पासधारकांसाठी सामान ठेवायची सोय चौकातच आहे, पण तिथे जायला वेळ धरा. खिशात फोन, रुमाल, पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली, एवढंच. वर स्वच्छतागृह नाही. चढण्याआधी म्युझियममधलं वापरून घ्या, ज्येष्ठांना आणि मुलांना हे मुद्दाम सांगा.

म्युझियमचं नाव निघालंच आहे तर माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं इथे सांगते. घुमटाच्या आदल्या दिवशी म्युझियम बघा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी चढतात आणि दमल्यावर म्युझियममधून धावतपळत जातात. मग वर काय पाहिलं ते कळतच नाही.

कारण हा घुमट म्हणजे एका अडलेल्या कामाची सुटका आहे. कॅथेड्रलचा पाया 1296 मध्ये घातला गेला, आर्नोल्फो दी कांबियोच्या आराखड्यावर. पुढे शंभराहून अधिक वर्षं बांधकाम चाललं, आणि मध्यभागी सुमारे 45 मीटर रुंदीची अष्टकोनी जागा उघडीच राहिली. ती झाकायची कशी? आपल्याकडे स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात, तसं कमानीखालीही लाकडाचं सेंटरिंग लागतं. इतक्या रुंदीला आणि इतक्या उंचीवर तेवढं लाकूड उभं करणं जवळजवळ अशक्य होतं. फिलिप्पो ब्रुनेलेस्की मूळचा सोनार. त्याने सांगितलं, जमिनीपासून सेंटरिंग न लावता बांधतो. 1420 मध्ये काम सुरू झालं आणि 1436 मध्ये घुमट पूर्ण झाला.

म्युझियममध्ये त्याच्या काळातली लाकडी प्रतिकृती आहे, बांधकामाच्या कप्प्या आणि अवजारं आहेत, आणि त्याचा मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा साचाही आहे. त्या साच्यासमोर थांबा. डोळे मिटलेला, टक्कल पडलेला, साधा चेहरा. त्याने बैलांनी चालवायचा एक रहाट बनवला होता. त्यात दात्यांची जोडणी अशी होती की ओझं वर न्यायचं असो की खाली सोडायचं असो, बैलांना दिशा बदलावी लागत नसे. जोत सोडून बैल फिरवण्यात जाणारा वेळ वाचला. ज्याने शेतावर मोट पाहिली आहे त्याला या एका सुधारणेचं मोल लगेच कळेल.

विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवा. तो खालून वर गोल चढतो. गोल घुमटात प्रत्येक थर कडं बनून स्वतःला धरून ठेवतो. फ्लॉरेन्सचा अष्टकोनी आहे, आणि कोपरे आले की कडं तुटतं. ब्रुनेलेस्कीने घुमटाला दोन कवचं दिली, आतलं जाड, बाहेरचं पातळ, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या रचल्या. आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतरावर एक उभी वीट येते. ती दोन्ही बाजूच्या विटांना अडवून धरते, म्हणून चुना सुकण्याआधीही थर घसरत नाही. ही रचना वर जाताना काही ठिकाणी अगदी डोळ्यांसमोर येते. आदल्या दिवशी समजून घेतली नसेल तर ती फक्त जुनी भिंत वाटते.

त्याच म्युझियममध्ये गिबेर्तीने 1425 ते 1452 या काळात केलेले बाप्तिस्मागृहाचे सोनेरी दरवाजे मूळ रूपात आहेत. चौकात दिसतात त्या प्रतिकृती. दोनातेल्लोने लाकडात कोरलेली येशूची शिष्या मारिया माग्दालेना आहे, आणि मायकेलअँजेलोने म्हातारपणी घडवायला घेतलेला पिएता, म्हणजे मृत येशूला सावरून धरल्याचं शिल्प आहे, अपुरं राहिलेलं. त्यासाठी दोन तास तरी हवेत.

चढायच्या सकाळी उत्तरेकडच्या दाराशी वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा, तपासणीला तेवढी लागतात. तिकीट फोनवर असेल तर चित्र जतन करून ठेवा, जाड भिंतींत नेटवर्क मिळेलच असं नाही. पहिल्या टप्प्यात घाई करू नका. मागचे लोक जोरात असतील तर रुंद जागी बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या. आईला मी एकच सांगितलं होतं: बोलत बोलत चढता येईल इतकाच वेग.

मग जिना एका सज्जात उघडतो आणि तुम्ही एकदम कॅथेड्रलच्या आत, घुमटाच्या बुडाशी उभे असता. वर ‘अंतिम न्याया’ची भित्तिचित्रं आहेत. चित्रकार वासारीने 1572 मध्ये सुरू केली, तो 1574 मध्ये वारला, झुक्कारीने 1579 मध्ये संपवली. खालून बारीक दिसणाऱ्या आकृती इथे माणसापेक्षा मोठ्या होतात. सगळ्यात खालच्या पट्ट्यात नरक आहे, म्हणजे राक्षस तुमच्या नजरेच्या उंचीवर येतात. रंगाचे फटकारे मोकळे, रुंद, दुरून बघण्यासाठी मारलेले. इथे रांग हळू चालते. ज्यांना उंचीचा त्रास होतो त्यांनी खाली फरशीकडे न बघता भिंतीच्या बाजूने, चित्रांकडे तोंड करून चालावं.

त्यानंतरचा भाग माझ्या मते सगळ्या प्रवासाचं सार. तुम्ही दोन कवचांच्या मधून चढता. उजव्या-डाव्या भिंती सरळ राहत नाहीत, वर जाल तशा एका बाजूला झुकत जातात, आणि तुमचंही अंग आपोआप त्याच बाजूला कलतं. छोट्या गोल खिडकीतून मूठभर उजेड येतो, त्यात लाल कौलं दिसतात. आई एका खिडकीशी थांबली, तळवा विटेवर टेकवला आणि म्हणाली, “गार आहे गं.” आम्ही दोघी अर्धा मिनिट तिथेच उभ्या राहिलो. शेवटी घुमटाच्या पाठीवरूनच जाणारा सरळ, उभा जिना येतो. तिथे कठडा धरा, फोन खिशात ठेवा, पुढच्या माणसापासून अंतर ठेवा.

वर मोकळी हवा. पायाशी आठ पांढऱ्या बरगड्या उतरत जातात, दक्षिणेला आर्नो नदी, ईशान्येला फिएसोलेची टेकडी. डोक्यावर संगमरवरी मेघडंबरी. ती पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी, 1446 मध्ये, ब्रुनेलेस्की गेला. तिच्यावरचा तांब्याचा सोन्याने मढवलेला गोळा व्हेरोक्क्योच्या कारखान्यातून आला आणि 1471 मध्ये बसवला गेला. पुढे वीज पडून तो खाली कोसळला आणि त्याजागी मोठा गोळा बसवावा लागला. तो पडला त्या जागी, कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, फरसबंदीत एक पांढरी संगमरवरी तबकडी आहे. खाली उतरल्यावर ती शोधा. ब्रुनेलेस्कीची समाधी कॅथेड्रलच्या तळघरात आहे, 1972 मध्ये सापडली. उतरल्यावर तिथेही जाऊन या, त्याच पासावर होतं.

मनोरा त्याच दिवशी करू नका, पास तीन दिवसांचा आहे तो याचसाठी वापरा. जोत्तोने 1334 मध्ये सुरू केलेल्या या मनोऱ्याला 414 पायऱ्या आहेत, पण मध्ये मजले आहेत, तिथे थांबता येतं. आणि घुमट पूर्ण दिसतो तो इथूनच. बाप्तिस्मागृहाच्या छतातल्या सोनेरी मोझेकची दुरुस्ती 2023 पासून चालू आहे, आत मचाण असणार हे गृहीत धरून जा. कॅथेड्रलच्या आत मुख्य दारावरचं उच्चेल्लोचं घड्याळ चुकवू नका. 1443 चं, चोवीस तासांचं, काटा आपल्या घड्याळाच्या उलट फिरतो आणि दिवस सूर्यास्ताला संपतो.

यादीत शेवटची एक जागा मराठी माणसाने स्वतःहून घालावी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, आणि 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला गावकरी ‘इंडियानो’ म्हणतात. ही जागा काशिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्रामने बागेपर्यंत जाता येतं, पुढे नदीकाठाने बरंच चालायचं. घुमटाच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतात, म्हणून हे तिसऱ्या दिवशी ठेवा, सकाळी. आईने पुण्याहून हळदीकुंकवाची पुडी आणली होती. चौथऱ्याला कठडा आहे, तिने तो ओलांडला नाही. बाहेरच्या गवतावर चिमूटभर वाहिलं, चपला काढून.