तिरप्या पंखावर प्लाझ्मा ऍक्च्युएटर लावताय? या चुका टाळा

प्लाझ्मा ऍक्च्युएटर म्हणजे पंखावर चिकटवलेल्या दोन इलेक्ट्रोड पट्ट्या, एक उघडी, एक इन्सुलेटरखाली झाकलेली; हाय व्होल्टेज दिलं की पृष्ठभागालगतच्या हवेचा बारीक जेट सुटतो. विंड टनेलमधल्या सरळ पंखावर चाललेली जुळणी जशीच्या तशी मागे झुकलेल्या पंखावर चिकटवायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ऐरोली-नेरुळकडे कॉलेजांचे प्रोजेक्ट बघताना हीच जास्त दिसते. सरळ पंखावर जेट मागे ढकलून फायदा होतो, म्हणून इथेही तसंच. पण इथे पुढच्या भागात दाब लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेला) काटकोनात घटत जातो, म्हणजे मागे आणि थोडा मुळाकडे. बाउंडरी लेयरमधली (पृष्ठभागालगतच्या पातळ थरातली) मंद हवा त्या ओढीने मुळाकडे सरकते, हाच क्रॉसफ्लो. तुमचा जेट त्यालाच हातभार लावतो आणि ट्रान्झिशन, म्हणजे शांत लॅमिनार प्रवाह खवळून टर्ब्युलंट होण्याची जागा, मागे जायचं सोडून पुढे येतं. जोर क्रॉसफ्लोच्या विरुद्ध हवा. त्यासाठी वायरी अदलाबदल करून उपयोग नाही, पुरवठा एसी असतो. जेट उघड्या इलेक्ट्रोडकडून झाकलेल्याकडे जातो, तेव्हा पट्ट्यांच्याच जागा बदला.

दुसरी गोष्ट तांब्याच्या टेपची. गोंदासकट तिची जाडी सहज 60-70 मायक्रॉन भरते. ट्रान्झिशनचे अभ्यासक विल्यम सारिक यांच्या ऍरिझोनातल्या प्रयोगांत लीडिंग एजजवळचे अवघे 6 मायक्रॉन उंचीचे ठिपके क्रॉसफ्लोचे भोवरे उठवायला पुरले होते! तेव्हा मोकळा पंख, बंद ऍक्च्युएटर आणि चालू ऍक्च्युएटर अशी तिन्ही मोजमापं घ्या. बंद असतानाच ट्रान्झिशन पुढे आलं असेल, तर दोष प्लाझ्माचा नाही, टेपच्या कडेचा आहे. चांदीचे कण असलेल्या वीजवाहक पेंटचा पातळ थर फवारलात तर ही कड जवळजवळ जाते.

वीज वाचवायला बर्स्ट मोड (थांबून-थांबून ठोके देणं) वापरू नका. काहीशे हर्ट्झचे ठोके नेमके सरकत्या क्रॉसफ्लो लाटांना खतपाणी घालतात. सलग काही किलोहर्ट्झवर चालवा.

जुलैत खाडीकडची दमट हवा लॅबमध्ये शिरली की प्लाझ्माचा डिस्चार्ज बदलतो. कालच्या रीडिंगशी आजचं ताडू नका. आर्द्रता लिहून ठेवा आणि चालू-बंद एकामागोमाग मोजा. इलेक्ट्रोडमधली कॅप्टॉनची (इन्सुलेटर प्लास्टिकची) पट्टी हळूहळू झिजते, अधूनमधून बदला. ओझोन होतो, एक्झॉस्ट लावा.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ट्रान्झिशन शोधताय? ऍक्च्युएटर स्वतः तापतो. त्यामागचा गरम पट्टा टर्ब्युलंट भाग समजून बसू नका. हॉट-वायर (हवेचा वेग मोजणारी तापलेली तार) वापरत असाल तर हाय व्होल्टेजचा गोंगाट सिग्नलमध्ये येतो, शील्डिंग बघा.

एवढं करूनही चालू-बंदमध्ये काडीचा फरक नसेल, तर पंखाचं मूळ तपासा. अर्धा पंख थेट टनेलच्या भिंतीला लावला असला की भिंतीवरची टर्ब्युलंट हवा लीडिंग एजवरून टोकाकडे पसरू शकते, आणि मग वाचवायला लॅमिनार प्रवाहच उरत नाही. मुळाशी छोटा उंचवटा, ज्याला गॅस्टर बंप म्हणतात, बसवून बघा.