मेणाची पाण्यातील विद्राव्यता मोजताना या चुका टाळा

पॅराफिन मेणाची पाण्यातील विद्राव्यता मोजली आणि उत्तर एक मिलिग्रॅम प्रति लिटर आले, तर ते उत्तर मेणाच्या विद्राव्यतेचे नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. ते पाण्यात विखुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मेणाच्या कणांचे असते, मेणात उरलेल्या तेलाचे असते किंवा काचेच्या तोटीला लावलेल्या ग्रीसचे असते. या मोजमापात होणाऱ्या बहुतेक चुका आकडा वाढवणाऱ्या असतात, आणि वाढलेला आकडा पुन्हा पुन्हा तसाच आला की तो खरा वाटू लागतो, म्हणून त्या सहज लक्षात येत नाहीत.

अपेक्षित उत्तर किती लहान आहे याचा अंदाज न घेता कामाला लागणे ही पहिली चूक. सहा कार्बनांच्या सरळ साखळीच्या हेक्झेनची विद्राव्यता २५ अंश सेल्सिअसला सुमारे १० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आठ कार्बनांच्या ऑक्टेनची सुमारे ०.६६ मिलिग्रॅम आणि बारा कार्बनांच्या डोडेकेनची तीन-चार मायक्रोग्रॅम. साखळीत एक कार्बन वाढला की विद्राव्यता साधारण चौथ्या हिश्शावर येते. याच हिशोबाने पुढे गेल्यास २० कार्बनांच्या साखळीसाठी उत्तर एका नॅनोग्रॅमच्याही बरेच खाली जाते, आणि पॅराफिन मेणातील बहुतेक साखळ्या २० ते ४० कार्बनांच्या असतात. तरीही १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत १२ कार्बनांसाठी ३.७, २० कार्बनांसाठी १.९ आणि २६ कार्बनांसाठी १.७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर असे आकडे आले होते. उतरत जाणारी रेषा एकाएकी सपाट झाली, याचा अर्थ लांब साखळ्यांचे रेणू सुटे होऊन विरघळले नव्हते, तर पुंजक्यांच्या रूपाने पाण्यात सामावले गेले होते, असाच लावावा लागतो. काळजीपूर्वक काम करणाऱ्यांच्या हातूनही हे घडते, हे लक्षात ठेवलेले बरे.

ढवळणे, वितळवणे आणि ॲसिटोन

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या १९९५ सालच्या १०५ क्रमांकाच्या चाचणीपद्धतीत दोन मार्ग दिलेले आहेत: विद्राव्यता १० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त असेल तर फ्लास्क पद्धत, म्हणजे पदार्थ पाण्याबरोबर फ्लास्कमध्ये हलवणे, आणि कमी असेल तर कॉलम पद्धत, म्हणजे पदार्थाचा थर दिलेल्या मण्यांनी भरलेल्या नळीतून पाणी सोडणे. मेणासाठी फ्लास्क पद्धतीचा विचारही करू नये. जोराने हलवलेल्या फ्लास्कमध्ये मेणाचे तुकडे एकमेकांवर आणि काचेवर घासतात, आणि त्यांतून सुटलेली बारीक भुकटी तासन्‌तास खाली बसत नाही की वरही येत नाही. लवकर संपृक्तता यावी म्हणून पाणी मेणाच्या वितळणबिंदूच्या वर तापवून मग थंड करणे त्याहून वाईट, कारण वितळलेल्या मेणाचे थेंब थंड होताना जागच्या जागी गोठतात आणि स्थिर कलिल, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण, तयार होते. मेण ॲसिटोनसारख्या द्रावकात मिसळून ते पाण्यात ओतण्याचाही परिणाम हाच होतो. द्रावक पाण्यात पसरतो आणि मेण कणांच्या रूपात मागे राहते.

कॉलम शक्य नसेल, तर भोवरा पडणार नाही इतक्या संथ गतीने, दिवसच्या दिवस ढवळत ठेवण्याची पद्धत वापरावी आणि नमुना तळाच्या तोटीतून घ्यावा. इतक्या दिवसांत जीवाणू लहान साखळ्या खाऊ शकतात, म्हणून पाणी निर्जंतुक असावे. भांड्यात मोकळी हवाही कमीत कमी ठेवावी, कारण हलकी हायड्रोकार्बने पाण्यात राहण्यापेक्षा हवेत जाणे पसंत करतात.

कॉलममधून येणारे आकडे वाचता येणे

काचेच्या मण्यांवर मेणाचा पातळ थर देऊन त्यावरून ताशी सुमारे २५ मिलिलिटर पाणी सोडायचे आणि एकामागून एक घेतलेल्या किमान पाच नमुन्यांतील फरक ३० टक्क्यांच्या आत आला की पठार मिळाले असे धरायचे, ही या पद्धतीची चौकट. मात्र खरी माहिती मिळते ती पठार न मिळण्याच्या तऱ्हेतून.

आकडे सुरुवातीला मोठे असून हळूहळू उतरत असतील, तर थर देताना वापरलेला द्रावक पुरता उडालेला नाही किंवा मेणातील हलका अंश धुऊन जात आहे. दोन्हींत फरक कसा करावा? क्रोमॅटोग्रॅम, म्हणजे मिश्रणातील घटक वेगवेगळ्या टोकांच्या रूपात, हलके डावीकडे आणि जड उजवीकडे, दाखवणारा आलेख पाहावा: द्रावकाचे एकच टोक असते, तर हलक्या अंशाची टोके अनेक असतात आणि ती क्रमाने डावीकडून नाहीशी होत जातात. आकडे वरखाली उड्या मारत असतील, तर थरातून तुकडे सुटत आहेत. थर फार जाड असला किंवा कॉलममध्ये हवेचे बुडबुडे अडकले की असे होते, आणि मण्यांवर कमी मेण घेऊन पुन्हा सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसते. यानंतर प्रवाह निम्मा करून चाचणी पुन्हा करावी. वेग कमी केल्यावर आकडा वाढला, तर आधीच्या वेगात पाण्याला संपृक्त व्हायला वेळ मिळत नव्हता. आकडा घटला, तर आधीचा वेग मेण खरवडून आणत होता. वेळ कमी आहे म्हणून ही निम्म्या प्रवाहाची चाचणी गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी बचत तीच आहे.

मिश्रणाला एकच विद्राव्यता नसते

१०५ क्रमांकाची पद्धत मुळात शुद्ध पदार्थांसाठी लिहिलेली आहे. मेण हे शेकडो घटकांचे मिश्रण, आणि प्रत्येक घटक पाण्यात किती जाईल हे त्याच्या स्वतःच्या विद्राव्यतेबरोबरच मिश्रणातील त्याच्या वाट्यावरही ठरते. त्यामुळे लिटरभर पाण्यात १०० मिलिग्रॅम मेण टाकले काय किंवा १० ग्रॅम टाकले काय, उत्तर सारखेच यावे ही अपेक्षा चुकीची ठरते. मेण जास्त घातले की त्यातील अल्प प्रमाणातले तेल आणि ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या वलयांची) संयुगे जास्त उपलब्ध होतात आणि पाण्यातील एकूण आकडा वाढतो, मेणाच्या लांब साखळ्यांनी मात्र त्यात काहीच भर घातलेली नसते. म्हणून मेणाचे पाण्याशी असलेले प्रमाण न लिहिता दिलेला आकडा निरुपयोगी समजावा, आणि किमान दोन वेगवेगळ्या प्रमाणांवर मोजमाप करावे.

याच गुणधर्मातून सगळ्यांत भरवशाची कसोटी मिळते. पाण्याच्या अर्काचा क्रोमॅटोग्रॅम आणि मूळ मेणाचा क्रोमॅटोग्रॅम शेजारी ठेवावेत. खरोखर विरघळलेले द्रव्य असेल, तर पाण्यातील चित्र हलक्या घटकांकडे ठळकपणे झुकलेले दिसले पाहिजे. दोन्ही चित्रे सारखीच दिसली, तर पाण्यात मेणाचे कण आहेत, मग पाच नमुने कितीही जुळलेले असोत.

गाळणे आणि सेंट्रिफ्यूज

०.४५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून कलिल आरपार जाते, आणि जे थोडे खरोखर विरघळलेले असते ते चाळणीच्या पडद्याला चिकटून राहते. म्हणजे नको ते पुढे जाते आणि हवे ते मागे राहते. सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवून कण वेगळे करणारे यंत्र) वापरताना सवयीने वरचा थर काढला जातो, पण मेणाची घनता सुमारे ०.९ असल्याने ते वर येते. नमुना मधून किंवा खालून घ्यावा, आणि सुई वरच्या पापुद्र्यातून जाताना तिच्यात मेण शिरणार नाही याची काळजी घ्यावी. नमुन्याचे भांडे रिकामे झाल्यावर काचेला चिकटलेला भाग हेक्झेनने धुऊन अर्कात मिसळायला विसरू नये.

कोरा नमुना

मेण सोडून बाकी सर्व पायऱ्या जशाच्या तशा पार पाडलेला कोरा नमुना प्रत्येक खेपेस हवाच. तोटीचे ग्रीस, बोटांवरचा तेलकटपणा, प्लॅस्टिकची नळी यांपैकी प्रत्येक गोष्ट मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मेणाइतकीच मोठी दिसते. प्रयोगशाळेत भांड्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरली जाणारी ताणली जाणारी पट्टी तर स्वतःच मेणापासून बनवलेली असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एकूण सेंद्रिय कार्बन मोजून काम भागवण्याचा मोहही टाळावा. अतिशुद्ध पाण्यातही काही मायक्रोग्रॅम प्रति लिटर कार्बन असतोच, तेव्हा त्याहून लहान संकेत त्यात बुडून जातो, आणि मोजलेला कार्बन मेणाचा की आणखी कशाचा हे ते यंत्र सांगत नाही. एक लिटर पाण्याचा अर्क एका मिलिलिटरवर आणून गॅस क्रोमॅटोग्राफीने पाहावे, आणि अर्क काढण्यापूर्वीच पाण्यात ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले, म्हणून मेणापासून वेगळे ओळखता येणारे) लांब साखळीचे अल्केन ठराविक मात्रेत घालावे, म्हणजे वाटेत किती हरवले ते कळते.

एवढे करूनही संकेत कोऱ्या नमुन्याच्या वर आला नाही, तर अहवालात शून्य किंवा ‘अविद्राव्य’ लिहू नये, आणि मोजमापाच्या मर्यादेच्या निम्मा आकडा धरून सरासरीही काढू नये. मोजता येणाऱ्या किमान मर्यादेपेक्षा कमी असे लिहून ती मर्यादा, तापमान, पाण्याचा पीएच, मेणाचे पाण्याशी प्रमाण आणि मेणातील तेलाचे प्रमाण द्यावे, आणि दोन्ही क्रोमॅटोग्रॅम सोबत जोडावेत.