कव्हर नसलेली तबकडी: अमेरिकन लोकगीताचा माग कसा काढायचा

जुन्या बाजारात रविवारी सकाळी दहाच्या आत पोचलं तरच धड काही हाती लागतं. अकरा वर्षांपूर्वी तिथून मी साठ रुपयांना एक लाँगप्ले तबकडी घेतली. "इंग्लिश भजनं आहेत काका, घेऊन टाका," विकणारा म्हणाला. कव्हर नव्हतं, मधलं लेबल ओल लागून निम्मं गेलेलं. घरी लावली तर एक माणूस, एक बँजो आणि बारा गाणी. भजन त्यात एकच. बाकी सगळं फाशी, बोगदा, आगगाडीचा अपघात आणि तुरुंग.

टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड असते. ड्रॉइंग नसलेला पार्ट हातात आला की तो कुठल्या मशीनवर, कोणत्या हत्यारानं निघाला असेल हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच खोडीनं मी ती बारा गाणी शोधली आणि मग नादच लागला. कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर माझी पद्धत सांगतो. इंग्रजी बेताचं असलं तरी भागतं, माझंही तेवढंच आहे. महिन्याला एकच गाणं घ्यायचं, त्याहून जास्त नाही.

पहिलं गाणं ओळखीचंच घ्या: 'हम होंगे कामयाब'. शाळेच्या मैदानावर उन्हात उभं राहून आपण सगळ्यांनी ते म्हटलंय. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे, मूळ गाणं 'वी शॅल ओव्हरकम'. १९४५ साली साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपावर बसलेल्यांत कृष्णवर्णीय बायका पुष्कळ होत्या. चर्चमधलं एक भक्तिगीत त्या धरणं धरताना म्हणू लागल्या. त्यांच्याकडून ते टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या कामगार शाळेत झिल्फिया हॉर्टन शिकल्या, तिथून लोकगायक पीट सीगर आणि मग १९६० नंतरची अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ. माझं लहानपण भवानी पेठेत विड्या वळणाऱ्या बायकांच्या शेजारात गेलं. तंबाखूच्या धुरळ्यातून आलेलं गाणं मी पंधरा ऑगस्टला म्हणत होतो आणि मला पत्ता नव्हता.

आता वही. प्रत्येक गाण्याला एक पान आणि पानावर चार रकाने. गाण्यातली घटना कधीची? गाणं कागदावर किंवा तबकडीवर पहिल्यांदा कधी आलं? ते कोणी टिपून घेतलं? आणि गाताना माणसांचे हात काय करत होते? चौथा रकाना लोक सोडून देतात. मी तो आधी भरतो.

'जॉन हेन्री' घ्या. घण चालवणारा एक कृष्णवर्णीय मजूर, त्याच्यासमोर कंपनीनं आणलेलं वाफेचं ड्रिल, दोघांची शर्यत. माणूस जिंकतो आणि घण हातात असतानाच मरतो. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण काम काय होतं ते कोणी विचारत नाही. डोंगरात सुरुंगाची दारू भरायला भोक पाडायचं. एक जण पोलादी सळई धरून बसतो, दुसरा तिच्या डोक्यावर घण घालतो, आणि दर घावानंतर धरणारा ती सळई थोडी फिरवतो, नाहीतर ती खडकात रुतून बसते. सळई फिरवायला दोन घावांच्या मधली तेवढीच जागा मिळते. ताल चुकला की बोटं गेली. माझ्या डाव्या तर्जनीचं एक पेर प्रेसखाली गेलंय, त्यामुळे हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळलं. गाणं करमणुकीसाठी नव्हतं, बोटं वाचवायला होतं. गाताना जिथे श्वास सुटतो तिथे घण पडतो. जुनं ध्वनिमुद्रण ऐकताना टेबलावर मूठ आपटून बघा.

पहिला रकाना मात्र भांडणाचा आहे. बहुतेक जण वेस्ट व्हर्जिनियातल्या टॅल्कॉटजवळचा बिग बेंड बोगदा सांगतात. चेसापीक अँड ओहायो रेल्वेनं तो १८७० ते १८७२ या काळात खणला. स्कॉट नेल्सन या इतिहासकारानं तुरुंगाची दप्तरं चाळून २००६ साली वेगळं मांडलं: जॉन विल्यम हेन्री नावाचा कैदी, व्हर्जिनियाच्या तुरुंगातून रेल्वेला भाड्यानं दिलेला, आणि बोगदा लुइस. अलाबामावाले तिसराच बोगदा दाखवतात. मी तिन्ही लिहून ठेवले आहेत, खोडलं एकही नाही. आपला बोर घाट १८६३ मध्ये पुरा झाला, म्हणजे बिग बेंडच्या आधी, आणि त्यात हजारो मजूर दगावले. सिंहगड एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांत मी हे गाणं गुणगुणतो. बायको तोंड दुसरीकडे करते.

पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातलं अंतर नेहमी मोजा. 'टॉम डूली' हे गाणं खुनाचं आहे. नॉर्थ कॅरोलिनातली लॉरा फॉस्टर १८६६ मध्ये मारली गेली आणि टॉम ड्यूला या तरुणाला १ मे १८६८ रोजी फाशी झाली. तबकडीवर गाणं आलं १९२९ साली आणि जगभर गाजलं १९५८ साली, किंग्स्टन ट्रायो या तिघा गायकांमुळे. मधे नव्वद वर्षं. ड्यूलाचा डूली झाला कारण त्या डोंगराळ भागात शब्दाच्या शेवटचा आकार ईकाराकडे झुकतो. गाण्यातला टॉम आणि कोर्टाच्या कागदांतला टॉम ही दोन माणसं समजा आणि दोघांना वेगळ्या ओळी द्या.

हे अंतर न मोजल्यामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. सोसायटीच्या गणपतीत मला दहा मिनिटं दिली होती. मी 'फॉलो द ड्रिंकिंग गूर्ड' घेतलं. पाणी प्यायची भोपळ्याची पळी म्हणजे आकाशातले सप्तर्षी. त्यांच्या दिशेनं उत्तरेला चालत राहा, असा पळून जाणाऱ्या गुलामांना गाण्यातून दिलेला गुप्त नकाशा. लोक भारावून ऐकत होते, मीही भारावलो होतो. आरतीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं शांतपणे विचारलं, "काका, हे गाणं पहिल्यांदा छापलं कधी?" रात्री शोधलं. १९२८, टेक्सासच्या लोकसाहित्य मंडळाच्या अंकात, एच. बी. पार्क्स यांच्या लेखात. गुलामगिरी संपून साठाहून जास्त वर्षं झाल्यावर. आपण ऐकतो ते शब्द तर १९४७ मध्ये ली हेज या गायकानं बसवलेले. गुलाम ध्रुवाच्या रोखानं पळत हे खरंच आहे, पण हे गाणं त्यांच्या तोंडी होतं याला त्या काळातला आधार नाही. दुसऱ्या दिवशी मी सूचनाफलकावर दुरुस्ती लावली. लोकांना ती मोदकापेक्षा कमी आवडली.

शोधायचं कुठे? दोन नंबर लक्षात ठेवा. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतं छापली, एकूण ३०५. त्यांनी गाण्याला दिलेला क्रमांक तो चाइल्ड नंबर. दुसरा रौड नंबर: स्टीव्ह रौड हे लंडनच्या क्रॉयडन भागात ग्रंथपाल होते, त्यांनी केलेली सूची वॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. 'बार्बरा ॲलन' चाइल्ड ८४, रौड ५४. नावं पन्नास असली, स्पेलिंगं शंभर असली तरी नंबर एकच, पार्ट नंबरसारखंच. लंडनच्या सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत या गाण्याचा उल्लेख २ जानेवारी १६६६ चा आहे. महाराज आग्र्याला गेले त्याच वर्षातला. बोटीतून गेलेली माणसं ते अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपालेशियाच्या डोंगरात घेऊन गेली आणि १९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस हे इंग्लंडहून आलेले संग्राहक पायपीट करून ते तिथून लिहून घेत होते.

जुनी ध्वनिमुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर सापडतात. तिथला लोकगीतांचा संग्रह १९२८ पासूनचा. आधी जुनं ऐका, मग गाजलेलं. उलट केलं तर जुनं बेसूर वाटतं आणि माणूस तिथेच सोडून देतो.

तिसऱ्या रकान्याकडे जरा संशयानं बघायला शिका. शार्प इंग्लंडहून आलेली गाणी शोधायला गेले होते, त्यामुळे त्यांना मुख्यतः तीच सापडली. लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन १९३३ मध्ये मोटारीच्या डिकीत दीडशे किलोच्या आसपासचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घालून दक्षिणेतल्या तुरुंगांत फिरले. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना लेडबेली हा गाणारा कैदी भेटला. तुरुंगात, पहारेकऱ्यांच्या देखत गाणारा माणूस कुठली गाणी म्हणेल आणि कुठली गिळेल? लेडबेली डिसेंबर १९४९ मध्ये वारला. त्याचं 'गुडनाइट आयरीन' पुढच्याच वर्षी वीव्हर्स या मंडळींनी गायलं आणि ते १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हे पान लिहिताना मी शिवी लिहिली होती, नंतर व्हाइटनर लावला. आपल्याकडेही इंग्रज अधिकारी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले म्हणून ते उरले. कुठले पोवाडे घेतले आणि कुठले राहिले, हे तिथेही विचारायला हवं.

शेवटी गाणं गायचं, नुसतं वहीत कोंबायचं नाही. बोटामुळे गिटार मला जमत नाही. पेटी जमते, डाव्या हाताला भाताच तर हलवायचा असतो. यातल्या पुष्कळ चाली पाच स्वरांच्या आहेत. 'अमेझिंग ग्रेस' तर सरळ भूपाच्या स्वरांत बसतं. भूप मात्र होत नाही, कारण चलन वेगळं. तीन-तीन मात्रांची चाल, दादरा लावा. शब्द जॉन न्यूटन यांचे, तरुणपणी गुलामांची जहाजं चालवलेल्या आणि पुढे पाद्री झालेल्या माणसाचे, १७७९ मध्ये इंग्लंडात छापलेले. आज आपण ऐकतो ती चाल त्या शब्दांना १८३५ मध्ये अमेरिकेत चिकटली. शब्द आणि चालीचे जन्मदाखले वेगळे असतात, पानावर दोन्ही तारखा लिहा.

आणि वहीची शेवटची काही पानं घरच्यांसाठी ठेवा. जात्यावरच्या लाखभर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी पुण्यात राहून गोळा केल्या, पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या ऐकायला मिळतात. त्या ऐकून मी मुळशीला मामीकडे फोन घेऊन गेलो. वय ब्याऐंशी. म्हणाली, "आता कुठलं आठवतंय रे." तासभर चहा झाला, शेजारणी येऊन गेल्या, ओवी काही येईना. मग मला माझाच चौथा रकाना आठवला. जातं गोठ्यात उलटं पडलं होतं, खुंटा तुटलेला. मामेभावानं ते धुऊन ओसरीवर मांडलं, खुंट्याच्या जागी स्क्रूड्रायव्हर ठोकला, मूठभर तांदूळ टाकले. मामीनं पदर खोचला. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली, आणि मी फोनवरचं बटण दाबायला विसरलो.