घराला रोज कमीत कमी किती वीज लागते? मीटरवरूनच काढा

इन्व्हर्टर नाहीतर सोलर घ्यायचं म्हटलं की दुकानदार पहिला प्रश्न टाकतो, लोड किती? आणि आपण बिल पुढे करतो. पण बिलात गिझर, इस्त्री, पाहुणे सगळंच आलेलं असतं, त्यावरून गरज कळत नाही.

मी सिडकोतल्या घरी असं केलं:

१. एक साधा दिवस धरा. गिझर, एसी, इस्त्री, वॉशिंग मशीन बंद. फ्रीज, पंखे, एलईडी, वायफाय, मोबाईल चार्जिंग एवढंच चालू.

२. सकाळी ७ ला मीटरचा फोटो, दुसऱ्या दिवशी ७ ला परत फोटो (वहीत लिहिलेलं आकडं सापडत नाही, आमच्याकडे तरी). दोन्हीतला फरक म्हणजे दिवसाचे किमान युनिट. आमचे २.६ आले, म्हणजे महिन्याला ७८, आणि बिल येतं १४० युनिटच्या आसपास!

३. एवढा वेळ नसेल तर मीटरवरचा लाल लाईट मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक) लिहिलं असेल तर ३ मिनिटांत १६ वेळा लुकलुकला म्हणजे तेव्हा १०० वॅट चालू आहेत. मात्र फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा असं दोनदा मोजा, नाहीतर आकडा फसवतो.

फक्त हे डिसेंबरातल्या थंडीत करू नका, पंखे बंद असतात, एप्रिलमध्ये करा म्हणजे नंतर बॅटरी कमी पडली असं व्हायचं नाही.